बेडकीचं झाकण

रोज सकाळी गाडीची किल्ली तिच्या हातातून दोनदा पडायची. एकदा खुंटीवरून काढताना आणि एकदा चपला घालताना. नवरा आतल्या खोलीत खाटेवर बसलेला असायचा. त्याला दिसत नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट आपल्यापाशीच राहिली असं ती धरून चालली होती. किल्ली उचलायची, जॅकेटच्या खिशात टाकायची आणि निघायचं. दार ओढून घेतलं की ती दुसरीच बाई व्हायची.

पठारावरच्या पवनचक्क्यांच्या कंपनीत ती ड्रायव्हर होती. फिटर, वायरमन, त्यांची अवजारं, तेलाचे डबे, सगळं चक्क्यांच्या पायथ्याशी नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. त्यासाठी कंपनीने एक बुटकी, उघडी, जाड टायरची गाडी दिली होती. रस्ता नसेल तिथून, दगडधोंड्यांवरून जाणारी. चालताना उड्या मारायची म्हणून तिचं नाव पडलं बेडकी. उभ्या चढावर ही बाई एका हाताने स्टिअरिंग धरून मागच्यांना 'नीट बसा रे' म्हणून दटावायची, तेव्हा फिटर मंडळी जीव मुठीत धरून बसलेली असत. त्यांनीच तिला वाघीणबाई म्हणायला सुरुवात केली. म्हणोत बापडे. वाघिणीच्या पोटात रोज सकाळी गोळा उठतो हे त्यांना कुणी सांगायचं?

चढाची तिला भीती नव्हती, दरीचीही नव्हती. तिला भीती होती एका झाकणाची. बेडकीच्या बॉनेटखाली, रेडिएटरच्या डोक्यावर मुठीएवढं एक झाकण होतं. इतक्या वर्षांत त्याला तिने एकदाही हात लावला नव्हता. पाणी बघायची वेळ आली की ती एखाद्या फिटरला हाक मारायची. 'माझे हात तेलकट आहेत रे', 'माझी कंबर धरलीय रे', बहाणे तयारच असायचे. फिटर झाकण फिरवत असला की ही पलीकडे जाऊन टायरला लाथा मारून हवा बघायची. त्या टायरने फुकटचा किती मार खाल्ला असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

अशाच एका झाकणाने तिच्या नवऱ्याचे डोळे नेले होते.

तो त्याच कंपनीत मेकॅनिक होता आणि सगळे त्याला उस्ताद म्हणत. एकदा गाडीच्या रेडिएटरची जाळी चिखलाने बुजली, गाडी तापली. वर चक्कीपाशी माणसं खोळंबली होती, सुपरवायझर फोनवर फोन करत होता. उस्तादने दुसऱ्या कुणाला तसं करू दिलं नसतं, पण स्वतः मात्र फडकं घेऊन गरम झाकण फिरवलं. आतलं उकळतं पाणी सरळ तोंडावर आलं. तिला बोलावून नेलं तेव्हा तो वर्कशॉपच्या फरशीवर बसला होता, चेहऱ्यावर ओला टॉवेल होता. टॉवेल उचलला तेव्हा तो ओरडला नाही. ती ओरडली. उजवा डोळा तेव्हाच गेला. डाव्याला काही वर्षं अंधुक दिसत राहिलं, मग उजेड आणि सावली एवढंच उरलं.

नोकरी तिला मिळाली. गाडी त्यानेच शिकवली, तीही स्वयंपाकघरात. ती स्टुलावर, हातात ताट म्हणजे स्टिअरिंग, पायाखाली दोन विटा, एक ब्रेकची, एक अ‍ॅक्सिलरेटरची. तो समोर बसून तोंडाने इंजिनचा आवाज काढायचा आणि ती चुकली की आचके देऊन बंद पडायचा. दोघं पोट धरून हसायची. मग ती मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

झाकणाला हात लावायचा नाही, तर मग गाडी तापूच द्यायची नाही, असा तिने साधा हिशोब केला. चिखलाने घात केला होता ना? मग बेडकीच्या जाळीवर चिखलाचा कणही राहता कामा नये. रोज संध्याकाळी वर्कशॉपमधला प्रेशरचा पाइप घ्यायचा, जाळीच्या अगदी तोंडाशी नेऊन जोरात पाणी मारायचं. माती, गवताचं बी, मेलेले किडे, सगळं धुऊन जायचं. फिटर हसायचे, "वाघीणबाई, एवढी आंघोळ घरच्या माणसाला तरी घालता का?" ती म्हणायची, "तुम्हालाच घालते थांबा," आणि पाइप त्यांच्याकडे वळवायची. गेले काही आठवडे मात्र तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकतोय असं तिला वाटत होतं. तिचं धाबं दणाणलं. ती आणखी वेळ, आणखी जवळून पाणी मारू लागली. काटा आणखी वर सरकला.

त्यातच नवऱ्याच्या डाव्या डोळ्याचं निघालं. खालच्या गावातल्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. त्यांनी मागच्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, की मोतीबिंदू पिकून आतला दाब वाढतोय, पुढच्या खेपेला ऑपरेशन करून टाकू, थोडंफार दिसायला लागेल. "पण ती खेप चुकवलीत तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." आणि नेमका त्या खेपेच्या आठवड्यात गावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा पूल खचला. कंपनीची जीप पलीकडे अडकली. उरली बेडकी आणि उरली मागची वाट, शेवटच्या चक्कीच्या मागून खिंड चढून पलीकडे उतरणारी. त्या वाटेने फिटरसुद्धा जायला कां कू करायचे.

डॉक्टर यायच्या दिवशीही सकाळी किल्ली दोनदा पडली. नवऱ्याने नवा शर्ट घातला होता आणि त्याची बटणं एक घर खाली लागली होती. ती नीट लावताना त्याच्या छातीतली धडधड तिच्या बोटांना लागली. अपघातानंतर तो पहिल्यांदाच गाडीत बसत होता. बसण्याआधी त्याने बॉनेटवरून हात फिरवला आणि पटकन मागे घेतला.

"बॉनेट गार आहे हो," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?" तो म्हणाला.

सपाटीवर सगळं ठीक होतं. खिंडीचा चढ लागला तशी गाडी मुंगीच्या पावलाने चालू लागली. वारा पाठीमागून येत होता, समोरून हवेची झुळूक नव्हती. रेडिएटरचा पंखा जो सुरू झाला तो थांबेना. तिची नजर वाटेवर कमी आणि काट्यावर जास्त. काटा मधली रेघ ओलांडून वर गेला. मग लाल पट्ट्याला टेकला. थांबावं तर दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाळलेलं गवत, आणि गाडीच्या पोटाखाली तापलेला सायलेन्सर. एक काडी पेटली तर नवरा कुठे पळणार होता? त्याला तर वाटही दिसत नव्हती. ती गाडी हाकत राहिली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. हात घामाने स्टिअरिंगवरून निसटत होते.

आणि मग काटा खाली आला. झरझर आला, पार तळाशी जाऊन बसला. तिच्या जिवात जीव आला. एवढा मोठा श्वास तिने सोडला की नवऱ्याने मान वळवली.

"काय झालं?"

"काही नाही. काटा जरा वर गेला होता. आता उतरला, एकदम गार."

मग त्याने नाक वर करून वास घेतला.

"गोड वास येतोय, रेडिएटरच्या पाण्याचा. थांबव."

"अहो, पण काटा..."

"तापाच्या माणसाच्या तोंडातून थर्मामीटर काढला म्हणजे ताप उतरतो का? पाणी उकळून बाहेर गेलंय. काटा आता कोरडा बसलाय, तो काय मोजणार? थांबव म्हणतो ना! गवतात नको, खडक बघ."

थोडं पुढे उघडा कातळ होता. तिने गाडी कशीबशी त्यावर घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. खाली कातळावर कूलंट मिसळलेलं हिरवं पाणी टपटप पडत होतं. नवऱ्याला उतरवून एका दगडावर बसवलं आणि ती दुसऱ्या दगडावर बसली, गाडीपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. मोबाइलला रेंज नव्हती. हाक मारावी तर ऐकायला वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

"पाण्याचा कॅन आहे?" त्याने विचारलं.

"दोन आहेत. कूलंटची बाटली आहे. फडकी आहेत. हातमोजे आहेत." तिने सगळं सांगितलं. रोज सगळं बरोबर घेऊन फिरत होती ती. फक्त ते झाकण उघडणारा माणूस बरोबर नव्हता.

वाफ कमी झाल्यावर तो म्हणाला, "किल्ली नुसती अर्धी फिरव. इंजिन सुरू करू नको. पंखा फिरतो का बघू."

पंखा फिरला. तो चाचपडत गाडीच्या तोंडाशी गेला. जाळीसमोर, न शिवता, त्याने तळहात धरला.

"पंखा नुसता ओरडतोय. हवा ओढत नाही. बंद कर. चिखल भरला असणार."

"चिखल?" तिला रागच आला. "रोज धुते मी! जाळीला तोंड लावून धुते. तुम्ही ताट समजून तिच्यावर जेवाल इतकी स्वच्छ आहे ती."

जाळी हात लावण्याइतकी निवल्यावर त्याने तिच्यावर बोटं टेकवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेडिएटरच्या जाळीला कागदासारख्या पातळ पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून हवा जाते. त्याची बोटं एका जागी थांबली, मागे आली, पुन्हा तिथेच गेली.

"कशाने धुतेस?"

"प्रेशरच्या पाइपने."

"किती लांबून?"

तिने वीतभर अंतर हाताने दाखवलं, मग त्याला दिसत नाही हे आठवून म्हणाली, "जवळून. माती चांगली निघावी म्हणून."

"अगं, सगळ्या पट्ट्या आडव्या झोपवल्यास तू. एकीवर एक. भिंत बांधलीस हवेला."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. काटा वर सरकला म्हणून ती घाबरली होती, घाबरली म्हणून जास्त पाणी मारलं, आणि जास्त पाणी मारलं म्हणून काटा वर सरकला. चिखलाचा कण नव्हता जाळीत. जे काही केलं होतं ते तिच्या भीतीनेच केलं होतं, रोज संध्याकाळी, मन लावून. आणि आता त्याच गाडीपायी त्याचा उरलेला डोळा जाणार होता.

"मी केलं हे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"बरं, रडून घे. आणि रडता रडता पर्समध्ये बारीक दातांचा कंगवा आहे का बघ."

कंगवा होता. त्याने जाळीसमोर फतकल मारली आणि डाव्या हाताच्या बोटांनी वाकलेली पट्टी शोधत, उजव्या हाताने कंगव्याचे दात तिच्यात घालून ती उभी करू लागला. घाई नव्हती त्याच्या हातांना. वर्षानुवर्षं खाटेवर नुसते पडून राहिलेले ते हात बघता बघता काळे झाले. ती खालच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या केसांतल्या पिनेने उभ्या करायला लागली. कंगव्याचे निम्मे दात मोडले, पण निम्म्याहून जास्त जाळी मोकळी झाली.

ऊन चढलं होतं. त्याला ते मानेवर लागत होतं.

"किती वाजले असतील गं?"

तिने वेळ सांगितली. डॉक्टर दुपारी पुढच्या गावाला निघायचे. त्याचा गुडघा हलायला लागला. उस्तादला घाई झाली की गुडघा हलायचा, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

ती कॅन काढायला मागे वळली. परत बघते तर तो उभा, बॉनेट वर उचललेलं आणि हात आत. झाकण कुठे आहे ते त्याला दिसायची गरज नव्हती. हाताला पाठ होतं.

तिने कॅन टाकला आणि ती धावली. त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून तिने अशी काही किंकाळी फोडली की खिंडीतून ती परत आली.

"हात लावायचा नाही! तुम्हाला सांगतेय मी! पुन्हा तेच करताय? पुन्हा? एकच डोळा राहिलाय तुम्हाला, तोही द्यायचाय का हिला?"

"अगं, झाली असेल आता गार..."

"असेल? असेल म्हणता?" तिने मनगट आणखी आवळलं. "मी रोज भिते हो या झाकणाला. रोज. लोक वाघीण म्हणतात आणि मी टायरमागे लपते. रात्रंदिवस तो टॉवेल दिसतो मला."

तो उभाच होता. मनगट सोडवून घेतलं नाही.

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "किल्ली दोनदा पडते तुझी."

ती बघतच राहिली.

"दोनदा पडली की मला कळतं, आता निघाली. एकदाच पडलेली असते ना, तोवर मी दाराकडे कान लावून बसतो, बाई चपला न घालता गेली की काय म्हणून." तो हसला. "मी पण भितो. सकाळी बॉनेटला हात लावला तेव्हा मेलो होतो. आता घाई केली तीही भीतीनेच. उशीर झाला तर कायमचा अंधार, एवढंच डोक्यात होतं."

तिने त्याचं मनगट सोडलं.

मग तो म्हणाला, "वरचा जाड पाइप आहे ना, तो दाबून बघ. कडक लागला तर आत जोर आहे. लिबलिबीत लागला तर जोर गेला."

तिने दाबला. कडक होता. थांबली. पुन्हा दाबला. मऊ वाटला, पण तिचा स्वतःवर विश्वास बसेना, म्हणून त्याचा हात पाइपवर ठेवला. त्याने दाबला आणि मान हलवली.

"उघडतो मी," तो म्हणाला.

"नाही." तिचाच आवाज तिला परका वाटला. "मी उघडते. तुम्ही लांब व्हा."

जॅकेट काढून तिने त्याची जाड घडी केली आणि झाकणावर ठेवली. घडीवर हात ठेवला. हात फिरेना. झाकण जॅकेटखालून नुसतं कोमट लागत होतं, तरी तिला ते उकळतंय असंच वाटत होतं. मनात एकच गोष्ट होती, तो टॉवेल, आणि आता तो आपल्या तोंडावर.

तेवढ्यात मागून तो आला. लांब हो म्हटलेला माणूस चिकटून मागे उभा राहिला आणि त्याने आपले दोन्ही काळे तळहात तिच्या डोळ्यांवर घट्ट दाबून धरले. बोटं कपाळावर, अंगठे कानांशी.

"आता फिरव," तो म्हणाला. "अर्धाच आटा. मग थांब. आलं तर माझ्या हातांवर येईल."

"अहो, तुमचे हात..."

"फिरव गं."

अंधारात तिने झाकण फिरवलं. फस्स झालं. दोघंही ओरडली, दोघंही तिथेच उभी राहिली. तळहात हलले नाहीत. फस्स बारीक होत होत थांबलं. तिने झाकण खाली दाबून उरलेला आटा फिरवला आणि ते हातात आलं. आतून काही आलं नाही. फक्त गोड, गरम वास आला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

तरी त्याने हात काढायला थोडा वेळ घेतला.

पाणी तिने धार धरून, थांबत थांबत ओतलं, त्याने सांगितलं तसं. इंजिन सुरू झालं, काटा उठला आणि शहाण्यासारखा मधे येऊन थांबला. पंख्यासमोर तळहात धरून त्याने खात्री केली की हवा ओढते आहे. उरलेला चढ तिने दर थोड्या वेळाने थांबत पार केला, आणि पलीकडच्या उतारावर तिला आयुष्यात पहिल्यांदा उतार आवडला.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांची बॅग गाडीत चढवत होते. ती अक्षरशः गाडीसमोर आडवी उभी राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि बॅग उतरवायला सांगितली. आत नर्स धावत आली आणि नवऱ्याला सोडून हिचाच दंड धरून बाकावर बसवायला लागली.

"बाई, तुम्ही आधी बसा. डोळ्यांना काय झालं तुमच्या?"

तिने दाराच्या काचेत बघितलं. डोळ्यांवर दोन काळे तळहात उमटले होते, दहाही बोटांसकट.

"मला काही नाही झालं," ती म्हणाली. "पेशंट हे आहेत."

त्याचे हात साबणाने घासघासून धुतले, हिरवा झगा घातला आणि त्याला पडद्याआड नेलं. ती बाहेर बाकावर बसली. जागं ठेवूनच ऑपरेशन करणार होते, थेंब टाकून डोळा बधिर करणार होते. पडद्याखालून तिला डॉक्टरांचे बूट दिसत होते. अवजारं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. मुठीतली किल्ली निसटली आणि फरशीवर खणकन पडली.

"एक," पडद्यामागून त्याचा आवाज आला.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"जरा थांबा डॉक्टर. अजून एकदा पडायची आहे."

तिने वाकून किल्ली उचलली. क्षणभर हातात घट्ट धरली. मग पडद्याच्या जवळ जाऊन, त्याला नीट ऐकू जाईल अशी, हातातून सोडून दिली.

"हं," तो आतून म्हणाला. "आता सुरू करा."